कीतोला गेलात तर आधी सूप प्या

कीतोला पोहोचलात की पहिले दोन दिवस काही करू नका. फिरायला जाऊ नका, डोंगराकडे तर बघूसुद्धा नका. चौकातल्या बाकावर बसा, लोक बघा, बटाट्याचं सूप प्या आणि झोपा. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आमच्या ओळखीच्या घरांत आता 'त्या सूपवाल्या मॅडम' अशीच माझी ओळख करून देतात. मला मात्र हा सल्ला कुणी दिला नव्हता. मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई, आम्ही तिघं तो ठेच लागूनच शिकलो.

मी शारजातल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवत होते. दर वर्षी नववीच्या मुलांना अँडीज पर्वत शिकवायचे. जगातली सर्वांत लांब पर्वतरांग, ज्वालामुखी, विषुववृत्तावरचा बर्फ. नकाशावर पट्टी फिरवत हे सगळं मी अशा खात्रीनं सांगायचे की जणू कालच तिकडून परत आलेय. मंदी आली त्या वर्षी एका मुलीनं हात वर केला.

"मॅम, हॅव यू सीन इट?"

मी "नो" म्हटलं. वर्ग हसला, मीही हसले. पण शाळेच्या बसमधून घरी येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्या वर्षी वर्गातले बाक एकेक करून रिकामे होत होते. मधल्या सुट्टीत एखादं मूल टेबलाशी येऊन हळूच म्हणायचं, "मॅम, वी आर गोइंग बॅक." बापाची नोकरी गेली की घर आवरायचं आणि निघायचं, दुसरा मार्गच नव्हता. माझा नवरा दुबईच्या अल क्वोज भागात ऑफिस असलेल्या एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनीअर होता. त्याच्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं. उन्हाळ्याच्या तोंडावर मॅनेजरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "तीन महिने अनपेड लीव्ह. मग बघू, इन्शाल्ला." ज्या शारजा-दुबई रस्त्यावर त्यानं इतकी वर्षं रोज ट्रॅफिकमध्ये बसून काढली, तो रस्ता आता मोकळा वाहत होता. आणि नेमकं आताच त्याला कुठं जायचं नव्हतं.

तो घरी बसला. आमच्या बाल्कनीतून दूरवरच्या क्रेन दिसायच्या, एकही हलत नसायची. तो तिकडेच बघत बसायचा. दाढी वाढली. बोलणं कमी होत होत "हं" आणि "नको" एवढ्यावर आलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहत होत्या. सातारच्या शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना पी.टी. शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून जायच्या. शारजात चढायला काही नाही, म्हणून खाडीच्या कडेनं फेऱ्या मारायच्या. मुलाला बळंच सोबत न्यायच्या. तो अर्ध्यातून परतायचा.

शाळेला सुट्टी लागली. दर सुट्टीत आम्ही साताऱ्याला जायचो. तिकिटांचं विचारलं तर तो म्हणाला, "नको. एसटी स्टँडवर उतरल्यापासून लोक विचारायला लागतील, किती दिवस आहात म्हणून."

त्याच सुमाराला माझ्या वाचनात आलं होतं की अँडीजमधल्या इक्वेडोर देशानं सगळ्या देशांच्या लोकांना व्हिसा माफ केलाय. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. भारतीय पासपोर्टवर कुठं जायचं म्हणजे काय असतं, हे परदेशात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. इथं नुसतं विमानात बसायचं होतं. दुबईहून ब्राझीलला थेट विमान जातच होतं, तिथून पुढं बदलून जाता येणार होतं.

जेवताना मी विषय काढला.

"या वर्षी आपण अँडीजला जाऊ या."

त्यानं ताटातून वर बघितलं. "वेड लागलंय का तुला? नोकरीचा पत्ता नाही."

"म्हणूनच तर वेळ आहे. नोकरी असताना तुला कधी चार आठवडे रजा मिळालीय?"

"आणि पैसे?"

"गाडी बदलायची म्हणून ठेवलेत ना. गाडीनं जायचंय कुठं सध्या?"

तो काही बोलणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "तिथं डोंगर आहेत का गं?"

"आई, तिथं डोंगरच आहेत."

"मग मीही येणार. मला इथं एकटीला सोडून जाल की काय?"

त्यापुढं त्याचं काही चाललं नाही.

आता कीतोबद्दल, म्हणजे इक्वेडोरच्या राजधानीबद्दल. पुस्तकात क्विटो असतं, तिथले लोक कीतो म्हणतात. शहर एका ज्वालामुखीच्या अंगावर लांबट पसरलंय, आणि त्या काळी विमानतळ शहराच्या अगदी मधोमध होता. विमान घरांच्या गच्च्यांवरून इतकं खालून गेलं की वाळत घातलेले कपडे दिसले. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. चाकं टेकली तेव्हा सगळ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, आणि सर्वांत जोरात त्यांनी.

राहायचं असेल तर जुन्या शहरात राहा. नव्या भागात हॉटेलं चकाचक आहेत, पण चकाचक बघायला दुबई आहेच की. आम्ही एका जुन्या घरातल्या खोल्या घेतल्या होत्या. मधे चौक, वर लाकडी सज्जा, कुंड्यांमध्ये जिरॅनियम. घरमालकीण बाई साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात कायम लोकरी शाल. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, आणि आमच्याकडे मी शारजात पाठ केलेली पाच-पंचवीस वाक्यं होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "आलोच आहोत तर रोपवेनं वर जाऊन येऊ." किती तरी महिन्यांनी त्यानं आपण होऊन काही सुचवलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी माझाच भूगोल विसरले. शहरच इतकं उंच, त्यात रोपवे आणखी हजारभर मीटर वर नेऊन सोडतो. वर पोहोचलो, समोर ढगांतून ज्वालामुखींची टोकं वर आलेली, मी तोंडात बोट घालून बघतेय, आणि मागं हे महाशय कुंपणाला धरून उलट्या करतायत. माझंही डोकं ठणकत होतं. सासूबाई तेवढ्या शांत. पदराचा बोळा करून त्यांनी त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हळू श्वास घे. घाई कुणाला आहे?"

घरी आलो तर मालकीण बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघूनच कपाळावर हात मारला. त्याला चौकातल्या उन्हात बसवलं आणि अर्ध्या तासात वाडगाभर सूप आणून ठेवलं. लोक्रो दे पापा. शिजून विरघळलेले बटाटे, दूध, चीज, वरून अवोकाडोच्या फोडी. त्यानं पहिला घोट नाइलाजानं घेतला. मग दुसरा. मग वाडगा पुढं केला आणि म्हणाला, "मास."

स्पॅनिशमध्ये 'मास' म्हणजे आणखी. हा शब्द तो विमानात माझ्याकडून ऐकून शिकला असणार. बाई खळखळून हसल्या. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, मागून खाल्लंन." आणि डोळे पुसले. गेले कित्येक महिने शारजाच्या घरात त्यानं काही मागून घेतलं नव्हतं, हे त्यांनीही बघितलं होतं तर.

शाकाहारी लोकांनी तिथं उपाशी राहायचं काही कारण नाही. फक्त 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढ्यावर थांबू नका. 'सिन पोयो'सुद्धा म्हणा, नाही तर कोंबडी येते, कारण तिथं कोंबडीला मांसात धरत नाहीत. यापिंगाचो मागवा. आपल्या बटाट्याच्या पॅटिसचीच बहीण, आत चीज आणि वर शेंगदाण्याची पातळ चटणी. सासूबाईंनी चव घेऊन निकाल दिला, "दाण्याचा कूट आहे. जिरं कमी पडलंय." तिसऱ्या दिवशी त्या मालकीण बाईंच्या स्वयंपाकघरात होत्या. तिथं पाट्यासारखा दगड होता. एकीनं तिची लाल मिरचीची चटणी वाटली, दुसरीनं हिरव्या मिरचीचा ठेचा. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी सारख्या बोलत होत्या. मी दुभाषी म्हणून गेले, तर दोघींनी मला कांदा चिरायला बसवलं.

शहरात बघायचं ते सांगते. तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढा, लोखंडी शिड्यांनी, दोन्ही हातांनी धरून. बाहेर भिंतीतून डोकावणारे दगडी प्राणी म्हणजे तिथलेच सरडे, कासवं आणि पाठीवर कवच असलेले आर्माडिलो. रविवारी सकाळी रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना सोडतात, तेव्हा पायी फिरा. आणि विषुववृत्तावर जा. लोक सांगतील की ते स्मारक टुरिस्टांसाठी आहे आणि खरी रेषा थोडी बाजूला आहे. असू दे. मी तिथं भर दुपारी उभी राहिले आणि पायाशी बघितलं. माझी सावली दक्षिणेला पडली होती. शारजात दुपारची सावली वर्षभर उत्तरेलाच पडते. हे मी फळ्यावर आकृती काढून किती वेळा शिकवलं असेल, पण स्वतःच्या सावलीनं ते मला पहिल्यांदा दाखवलं. मी तिथंच टाळ्या पिटत ओरडले, "दक्षिणेला! दक्षिणेला पडली!" नवऱ्यानं माझे फोटो काढले, माझे कमी आणि सावलीचे जास्त.

त्यानंतर आम्ही डोंगरात गेलो. कीतोहून दक्षिणेला बस जाते, दोन्ही बाजूंना ज्वालामुखींची रांग, आणि मग एक फाटा वर किलोतोआला. तिथं एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं साचलंय. तुम्ही काठावर उभे राहता तेव्हा तळं खाली खोल असतं, कधी हिरवं कधी निळं, ढग सरकेल तसं. काठावरच्या गावात किमान एक मुक्काम करा. खोलीत लाकडं जाळायची शेगडी असते. गरम कपडे भरपूर न्या. आखातात राहून आपल्याकडे धड स्वेटर नसतो, हे आम्हाला तिथं कळलं. सासूबाईंनी साडीखाली मुलाची ट्रॅकपँट घातली होती आणि डोक्याला मफलर गुंडाळला होता. गावातल्या बायका शाल आणि फेल्ट हॅट घालून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या.

तळ्याकाठी उतरणं सोपं आहे, वाळूत पाय घसरत घसरत जाता. चढणं मात्र जीव काढतं. त्यासाठी खाली खेचरं भाड्यानं मिळतात. आम्ही पाण्यात हात घालून, संत्री खाऊन निघालो तेव्हा नवऱ्यानं ती उभी चढण बघितली आणि सरळ खेचरवालीकडे निघाला.

"तीन सांग," तो मला म्हणाला.

"दोन सांग," सासूबाई म्हणाल्या. "मी चालत येते."

"आई, अगं ही उंची बघ. अजिंक्यतारा नाहीये हा."

"माहितेय. म्हणून तर चालायचंय." आणि त्यांनी चालायला सुरुवातही केली.

त्यानं एकदा चढणीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग खेचरवालीला हातानंच नको म्हणाला आणि आईच्या मागं निघाला. मीही निघाले. ती चढण कशी चढलो ते सांगायला शब्द कमी पडतील. पाय वाळूत रुतायचा, वर टाकलेलं पाऊल अर्धं खाली यायचं. छातीत भाता चालल्यासारखं व्हायचं. सासूबाई पुढं, अगदी सावकाश, न थांबता. शाळेत मुलांना सांगायच्या तसं मागं न बघता सांगत होत्या, "नाकानं श्वास घ्या. बोलू नका. पुढच्या वळणापर्यंत बघा फक्त." नवरा सारखा थांबत होता. एका वळणावर तो चक्क खाली बसला. मला वाटलं, झालं, खलास. जवळ जाऊन बघते तर तो हसत होता. धापा टाकत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

"अगं, मी साठ मजल्यांचे टॉवर उभे करतो," तो म्हणाला, "आणि माझी आई मला डोंगर चढवतेय."

"ऊठ," मी म्हटलं.

"उठतो. यल्ला, चला."

वर वारा असा होता की उभं राहवेना. सासूबाई कठड्याशी पोहोचल्या, वळल्या आणि त्यांनी मुलाला हात दिला. त्यानं तो धरला आणि शेवटची ढांग टाकून वर आला. तिघं एकमेकांना धरून उभे होतो. खाली ते एवढंसं तळं, आणि आम्ही तिथून पायी वर आलेलो. खेचरांवरून आधी पोहोचलेले काही गोरे पर्यटक सासूबाईंसाठी टाळ्या वाजवायला लागले. त्यांनी पी.टी.च्या बाईंसारखी मान किंचित हलवून त्या स्वीकारल्या. माझ्या नवऱ्याचा चेहरा मी नीट बघितला. दाढी तशीच होती, पण आतला माणूस परत आला होता.

परतल्यावर आठवड्याभरात कंपनीचा फोन आला. अनपेड लीव्ह आणखी वाढवली होती. मी धसकले. तो फोन ठेवून म्हणाला, "बरं झालं, नक्की कळलं." दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो अबू धाबीला गेला. मग रोजच कुठं ना कुठं जायला लागला, साइटवर, ऑफिसांत, जुन्या ओळखींकडे. दिवाळीच्या आत त्याला एका हॉस्पिटलच्या बांधकामावर काम मिळालं. हुद्दा एक पायरी खालचा होता. तो म्हणाला, "पाय वाळूत घसरतोच. वर टाकत राहायचा."

दरम्यान एका मैत्रिणीच्या घरी गणपती होते. आरती झाल्यावर मोदक खाता खाता कुणीतरी विचारलं, या सुट्टीत कुठं होतात? मी सांगायला लागले आणि थांबलेच नाही. सूप, सावली, खेचरं, ठेचा. त्या दिवसांत आमच्या घराघरांतून एकच विषय चालायचा, कुणाची नोकरी गेली, कोण परत चाललं. त्या दिवशी तासभर कुणी तो काढला नाही. मुलं सावलीचं ऐकून विचारत होती, "आंटी, इज इट फॉर रिअल?" जिच्याकडे गणपती होते ती मैत्रीण, जी मॉलचे जिनेसुद्धा टाळायची, ती ताटं आवरताना माझ्याजवळ आली.

"मला नेशील का गं? मला जमेल?"

"आई सत्तरीला आल्यात," मी म्हटलं. "त्यांना विचार."

सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याबरोबर चालायला ये."

ती आली. मग तिची शेजारीण आली. मग तिचा नवरा. हिवाळ्यात शारजाच्या खाडीकाठी संध्याकाळी एका रांगेत चालणारी मराठी माणसं आणि पुढं पांढऱ्या बुटांत सासूबाई, हे दृश्य पाकिस्तानी टॅक्सीवाले गाडी हळू करून बघायचे. चालता चालता कीतोची सहल ठरली, आणि बर दुबई भागातल्या एका ओळखीच्या ट्रॅव्हल एजन्सीमार्फत आम्ही सगळ्यांची तिकिटं काढली. नवऱ्यानं साइटचं वेळापत्रक करावं तसं सगळं आखलं, आणि त्यात पहिले दोन दिवस मोकळे ठेवले. फक्त सूप.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही डझनभर लोक कीतोच्या त्या चौकात उन्हात बसलो होतो. मालकीण बाई आणि सासूबाई एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. कुणाला उलटी झाली नाही.

या वेळी आम्ही कोटोपाक्सी या बर्फाच्छादित ज्वालामुखीवरही गेलो. तुम्हीही जा, पण शेवटी, शरीर उंचीला सरावल्यावर. गाडी जाते तिथून वरच्या गिर्यारोहकांच्या झोपडीपर्यंत लाल-काळ्या राखेतून पायी चढायचं. अंतर थोडं दिसतं, पण तासभर तरी लागतो. त्या दिवशी पूर्ण ढग होते. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मैत्रीण माझ्या पुढं होती. दर थोड्या वेळानं म्हणायची, "मी इथं थांबते, तुम्ही जा." आणि मग चालायची. माझा नवरा सर्वांत शेवटी, मागं कुणी राहू नये म्हणून.

झोपडीच्या पायरीवर ती पोहोचली, भिंतीला हात लावला आणि रडायलाच लागली. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो असताना वाऱ्यानं ढग बाजूला केले. आधी एक फट, मग पूर्ण पडदा. डोक्यावर, अगदी हात लावावा इतका जवळ, बर्फाचा अख्खा डोंगर उन्हात उभा होता. विषुववृत्तावरचा बर्फ.  मग सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांचा मैदानावरचा आवाज लावला.

"गणपती बाप्पा!"

"मोरया!" आम्ही सगळे ओरडलो. झोपडीतले गिर्यारोहक हातातले कप घेऊन दारात आले. त्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण पुढच्या "मोरया"ला तेही आमच्याबरोबर ओरडले.